मोनालीचे पंधरा सेकंद

२ डिसेंबर
झाला ग्रुप! ‘नववी ब – बोलू या’. वर्गात काही विचारलं की छत्तीस मुलं फरशीकडे बघतात. मोबाईलवर तरी तोंड उघडतील. गणिताचे रुपचंद सर म्हणाले, “मॅडम, बोलायला कशाला शिकवता? गप्प बसवायचा पगार आहे आपल्याला.” स्टाफरूम हसली. हसा!

पहिला प्रश्न टाकला – मुलींना मोबाईल द्यावा का?

४ डिसेंबर
मुलांची सत्तावीस उत्तरं. त्यात वीस नुसते अंगठे. मुलींचं एकही नाही.

५ डिसेंबर
मुलींची उत्तरं आली – झाडून सगळी सकाळी सहा ते सातमध्ये. डिंपलला विचारलं, सातनंतर काय होतं गं? म्हणाली, “भाऊ आंघोळीहून येतो ना, मॅडम.” म्हणजे फोन भावांचे! तो अंगावर पाणी घेतोय तेवढ्यात हिनं मत मांडायचं. आणि मी यांच्याकडून समानतेवर निबंध लिहून घेते. धन्य!

६ डिसेंबर
मोनाली बोलली!! पेपरात पहिली, वर्गात मुकी. जूनपासून ‘हजर’पलीकडे या पोरीचा आवाज ऐकला नव्हता. लिहिलं नाही तिनं, आवाज पाठवला. पंधरा सेकंद. मागे बादलीत पाणी पडतंय. आणि चक्क अहिराणीत –

“मॅडम, मना भाऊकडे मोबाईल शे, तो दोनदा नापास व्हयना. माले मोबाईल नही, मी वर्गमा पयली येस. मंग मोबाईल कोनले बिघाडस?”

चारदा ऐकलं. रडू आलं मला. मी धुळ्याची. आईशी याच बोलीत बोलते, पण दार लावून. राहवेना. जिल्ह्यातल्या मराठी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं – ‘ही माझी विद्यार्थिनी!’ खूप अंगठे आले. बारा जणांनी हसरी तोंडं टाकली. यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

१० डिसेंबर
रील निघालंय. मिशीवाला बाप्या, डोक्यावर पदर, हातात झाडू – आणि आवाज मोनालीचा. ‘कोनले बिघाडस’ला डोळा मारतो. पावणेदोन लाख लोकांनी बघितलं. अहिराणी म्हटली की विनोदच! आम्हाला कधी खरं काही म्हणायचं नसतंच का?

वर्गात विचारलं, ग्रुपबाहेर कोणी पाठवलं? तेजस हसला. उभा केला. बापाला बोलावलं, माफीनामा लिहून घेतला. पोरगं रडत एकच सांगत होतं – “मायनी आन मॅडम, मी नही धाडं.” नेहमीचं नाटक, म्हटलं.

११ डिसेंबर
मोनाली शाळेत आली नाही.

१२ डिसेंबर
आजही नाही.

मधल्या सुट्टीत रुपचंद सर जवळ येऊन हळूच म्हणाले, “मॅडम, रीलवाला पोरगा एका मास्तरांचा भाचा आहे. तुमच्या मराठीच्या ग्रुपवरचेच मास्तर. तिथूनच गेलं ते.”

म्हणजे मीच. तेजस नाही, कोणी नाही – मीच! उद्या भर वर्गात त्याची माफी मागायची.

१३ डिसेंबर
मागितली नाही.

१६ डिसेंबर
मोनालीच्या घरी गेले. तिची आई मंदाबाई कापूस वेचून नुकती आलेली. पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. भावाला, चंदनला, गावात ‘दोनदा नापास’ म्हणून हाका मारतात. त्यानं फोन कुलपात ठेवलाय. मोनाली दाराआड उभी. गालावर अजून वळ आहेत.

म्हटलं, शाळेत पाठवा. मंदाबाई म्हणाली, “तुम्हीच सांगं ना तिले, बोल म्हणीसन? आते बठ्ठं गाव बोली ऱ्हायनं.”

तिच्याशी तिच्या बोलीत तरी बोलायचं होतं मी! छे. छापील मराठीत दिलगिरी व्यक्त करून मोकळी झाले. आवाज मीच बाहेर पाठवला, हे जिभेवर आलं आणि गिळलं. लाज वाटते.

निघताना मंदाबाई म्हणाली, “येई ती. पण बोलाव नही.” येईल, पण बोलणार नाही.

१८ डिसेंबर
ग्रुप बंद केला. मुख्याध्यापक म्हणतात, “उपक्रम चांगला होता, अहवालात घ्या. फोटो आहेत ना?” आहेत की! सगळी मुलं मोबाईल धरून हसतायत.

मोनाली येते. शेवटच्या बाकावर बसते. मी तिला काही विचारत नाही.

६ जानेवारी
मोनाली आज वर्गात बोलली. मी काही विचारलंही नव्हतं. स्वतःहून हात वर केला, उभी राहिली. शुद्ध मराठीत म्हणाली, “मुलींना मोबाईल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.” वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.