चांदवाली मेणबत्ती

देवळी, १ सप्टेंबर २०२५

चि. माधवी हिस,
काकाचा सप्रेम जय भीम व आशीर्वाद. वि. वि.

टक्, टक्, टक्, आणि मग सळ्ळ. माझे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, थंड पाण्यातून काढलेला साचा लाकडी फळीवर आपटत, आणि मेणबत्त्या गोणपाटावर घरंगळत. सकाळी कवितेचं पुस्तक उघडून बसावं, तर मागच्या शेडमधून तो ताल चालू. छंद मी मास्तरांकडून नव्हे, त्या साच्याकडून शिकलो. आजही डोळे मिटले की ऐकू येतो.

डोळे उघडले तर समोर तू पाठवलेली काचेची बरणी. तिच्यावर नाव 'लुनेव्हा'. हे औषध आहे की आजार? वास म्हणे समुद्री वाऱ्याचा. आमच्याकडे समुद्र म्हणून एक समुद्रपूरच, आणि तिथे तुझी कमला आत्या राहते. तिथला वारा मला नको.

नागपूरच्या त्या टायवाल्या सल्लागाराने तुला सांगितलं म्हणे, की नाव पाण्यासारखं हवं. ज्या भांड्यात ओतू, त्याचा आकार घेईल. आज मेणबत्ती, उद्या साबण, परवा उशीची खोळ. वा! अगं, पाण्यावर नाव कोणी लिहितं का? 'पौर्णिमा छाप' हे आपलं नाव, आणि पाकिटावर माझ्या ओळी:

अंधाराला पाठ दाखवी पौर्णिमेची वात,
दारी लावा, घरी लावा, उजळून जाई रात.

मॅट्रिकच्या वर्षी लिहिल्या. त्या पुसून तिथे लुनेव्हा! फोनवर तू मला मधेच तोडतेस, म्हणून पत्र. लोभ आहेच, तो टिकेल असं वाग.

तुझा,
प्रेमदास काका

हिंगणघाट, ८ सप्टेंबर

ती. काकांस,
माधवीचा सविनय जय भीम. वि. वि.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुह्या काकाले सांग, बरणी आवडली नाई तर वापस कर, काच महाग आहे.

पुसण्याचं म्हणाल तर तो आपल्या घराण्याचाच रिवाज आहे. आजोबा आधी कंदिलाच्या वाती विकत, 'कंदील छाप' नावाने. छप्पनला दीक्षा घेऊन आले आणि चुना लावून पाटी पुसली, मेणबत्त्या सुरू केल्या. तेव्हा कंदिलासाठी कोणी अश्रू ढाळल्याचं माझ्या बाबांनी कधी सांगितलं नाही. पुढे लोडशेडिंग होतं तोवर आपली मेणबत्ती आपोआप खपली. आता घराघरांत इन्व्हर्टर. उरलेला माल मे महिन्यात गोदामात वाकून लोटांगण घालत होता. बाबा गेल्यापासून ही शेड मी रेटते आहे. सोयाबीनच्या मेणाच्या बरण्या माझी हौस नाही काका, शेवटची उडी आहे.

आणि तुमच्या ओळी? वाणी पाकीट फाडून मेणबत्त्या सुट्ट्या विकायचा. त्या ओळी फक्त वाण्यांनी वाचल्या, आणि वाणी कविता वाचत नाहीत.

आता खरं काम. नागपूरचे एक म्हातारे ठोक व्यापारी शेडवर आले होते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, तेव्हाचा सगळा माल ते घेऊ शकतात. त्यांनी बरणी हुंगली, शिंकले, खाली ठेवली. म्हणाले, अशा दहा रोज पाहतो. मग विचारलं, तुमची ती चांदवाली बंद पडली का? बुडाला चंद्रासारखा खळगा होता, अंधारात अंगठा लावला की कळायचं कुणाची मेणबत्ती आहे. नाव काहीही ठेव, मेण कशाचंही घाल, पण तो चांद आण. अठ्ठावीस तारखेला ते परत येणार आहेत. तेव्हा चांद दिसला नाही, तर दसऱ्यानंतर शेडला कुलूप लागेल, आणि भागीरथाबाईंसकट शेडमध्ये कामाला असलेल्या सगळ्या बायांना मला घरी पाठवावं लागेल.

आजोबांचा जुना साचा तुमच्या माळ्यावर आहे. तो पाठवा. रागवा, पण पाठवा.

आपली,
माधवी

देवळी, १३ सप्टेंबर

चि. माधवी हिस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

वाणी कविता वाचत नाहीत, हे खरं असेलही. गाढवंही वाचत नाहीत. म्हणून कुणी कविता लिहायचं सोडत नाही.

चंद्र मात्र लोकांच्या लक्षात राहिला, तो माझ्या बाबांचा. बाबांनी साच्यात चंद्र कोरला, अशी ओळच आहे माझ्या दीर्घकवितेत. तो चंद्र समुद्री वाऱ्याच्या बुडाला चिकटवायचा, या कल्पनेने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुझ्या सल्लागाराला वीस वर्षं दिली तरी अंधारात अंगठ्याला कळेल असं काही सुचणार नाही. त्याचा अंगठा फक्त मोबाइलवर चालतो.

तरी साचा पाठवतो आहे. भागीरथाबाईंसाठी पाठवतो आहे, लुनेव्हासाठी नव्हे. भैय्याजी कंडक्टर हिंगणघाटच्या गाडीवर आहे, तो आणून देईल. साच्याला धूळ आहे ती पुसू नकोस. तुमच्या धंद्यात तेवढीच एक अस्सल वस्तू असेल.

आशीर्वाद, रागासकट.

प्रेमदास काका

हिंगणघाट, २० सप्टेंबर

ती. काकांस,
सविनय जय भीम. वि. वि.

साचा मिळाला. धूळही मिळाली.

चंद्र मिळाला नाही. मेण ओतलं, गार केलं, तुमच्या आवडीचं टक् टक् केलं. मेणबत्त्या सरळसोट बाहेर आल्या, बूड सपाट. मेणबत्ती साच्यात उलटी असते काका, बूड येतं वरच्या उघड्या तोंडाला. तिथे कोरायला जागाच नाही! एखादं झाकण असेल म्हणून मी विचार करून राह्यले, पण साच्याला झाकण बसायची खूणसुद्धा नाही. इतकी वर्षं तुम्ही कवितेत कोरत बसलात, एकदा साचा उलटा करून पाहिला असतात तर? आई म्हणाली, तुहे बाबा सांगत, शेडमधी मेण सांडे तवा हे पोट्टं पुस्तक घेऊन ओट्यावर राहे, याले काय माहीत.

सल्लागार म्हणतो, यंत्राने खळगा पाडू. पाडून पाहिला. बाटलीच्या बुचासारखा दिसतो. व्यापाऱ्यांचा अंगठा एका क्षणात फेकून देईल.

त्या काळी शेडमध्ये असलेलं कोण उरलंय? आठवा, आणि लवकर कळवा. आठ दिवस आहेत.

माधवी

देवळी, २५ सप्टेंबर

चि. माधवी हिस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

माळा पुन्हा उपसला. झाकण नाही. एक जुनी मेणबत्ती सापडली, उंदरांनी कुरतडलेली, पण बूड शाबूत. अंगठा लावला. चंद्र आहे गं. किंचित तिरपा, एका कडेला खोल. यंत्राला असा तिरपेपणा जन्मात जमायचा नाही.

कोण उरलंय, विचारतेस. एकच जण. कमला. शाळेतून आली की ती शेडमध्येच असायची. पण तिला मी पत्र लिहिणार नाही. बाबांच्या स्मृतिदिनाला मी ती दीर्घकविता वाचली, तर या बाईने ती लाल शाईने तपासून परत पाठवली. शेरा काय, तर कवितेत बाबा आहेत, दादा आहे, साचा आहे, दारातली बकरीसुद्धा आहे, मी कुठे आहे? वर, तुह्या दारात पाय ठेवणार नाई, हे निराळं. सरकारी दवाखान्यात मुख्य नर्स होती, आयुष्यभर लोकांना सुया टोचल्या, सवय जात नाही. बकरी यमकाला लागते, बहीण लागत नाही, हे तिला कोणी सांगावं! तेव्हा त्या व्यापाऱ्यांना सांग, पौर्णिमा संपली, आता अवसेची...

थांब. दार वाजतंय.

उरलेलं उभ्यानेच लिहितो आहे. दारात कमला आहे! काठी, पिशवी, समुद्रपूरची धूळ, सगळ्यासकट. तू तिलाही लिहिलंस तर. मला कळवलं नाहीस. आत ये म्हटलं तर येत नाही. शपथ आहे म्हणते. उंबऱ्याबाहेर उभी राहून उजवा अंगठा माझ्या नाकासमोर नाचवते आहे. मला वाटलं, या वयात मला ठेंगा दाखवायला दोन बस बदलून आली.

ती म्हणते, नीट पाह्य. अंगठा तिरपा आहे, एका कडेला फुगीर. लहानपणी जात्यात सापडला होता. मी जुनी मेणबत्ती पुढे केली. तिने बुडाला अंगठा टेकवला, आणि तो असा बसला जसा कुलपात चावी. म्हणते, मेण कोमट असलं की दाबा लागे, बाबा ओतत आणि मी दाबत जाय. मले नोकरी लागली आणि चांद बंद झाला, तुह्या कवितेले काई पत्ता नाई. आणि म्हणते, मेण असो, साबण असो, वर काईबी नाव लिहा, नरम आहे तोवर अंगठा उमटते.

हिंगणघाटची गाडी अर्ध्या तासात आहे. ती मला विचारते आहे, की तू येतोस का, की यमक शोधत बसतोस.

चप्पल सापडत नाही. मेण कोमट ठेव.

प्रेमदास काका