दोन वाजेपर्यंत ठेवलेला वाडगा

प्रिय पौर्णिमे,

पत्राच्या आरंभी 'उदंड आयुष्य' लिहिण्याची माझी जुनी रीत. आज लेखणी तिथेच अडली. ती ओळ कोरी ठेवून पुढे लिहितो.

काल मी तुमच्या उपाहारगृहात जेवलो. भरवेलीच्या रस्त्यावरील ती चार बाकांची खोली मी चार वर्षे केवळ बाहेरून पाहिली. बारा ते दोन एवढीच वेळ, मग शटर खाली. माझे पोथीवाचनही नेमके दोनला संपे. तू एकदा हसत म्हणालीस, "बाबा, तुमचा देव अन् माझं शटर एकाच टायमाले काहून बंद होते?" खरे कारण आज लिहितो. पूर्वी माझे वाचन अकरालाच आटोपत असे. तुझे दुकान सुरू झाल्यावर मी ते लांबवले. तू हे ओळखले असशीलच.

लेकीच्या घरचे अन्न पित्याने घेऊ नये, असे मी म्हणालो. "हे घर कुठं हाय बाबा, हॉटेल हाय," तू म्हणालीस. तेव्हा मी परान्नाचा नियम पुढे केला. वारासिवनीला तुझ्या धाकट्या बहिणीकडे, श्रुतिकेकडे, मात्र मी दर महिन्याला जेवतो. तू ते कधी बोलून दाखवले नाहीस. तुझ्या नवऱ्याच्या, राजेंद्रच्या, घरी बुद्धवंदना होते, एवढेच माझ्या नियमाचे मूळ होते. देव भक्ताघरच्या कण्या आवडीने खातो, हे मी चाळीस वर्षे व्यासपीठावरून सांगितले. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत.

काल बाराला पाच कमी असताना मी दारात होतो. राजेंद्रने सूप करीचा वाडगा पुढे ठेवला. जपानातील साप्पोरो शहरी सहा वर्षे राबून तो ती शिकला, हे मी काल प्रथमच विचारले. पातळ तांबूस रस्सा, त्यात भोपळ्याची मोठी तळलेली फोड, गाजर, वांगे. शेजारी ताटलीत चिन्नोर तांदळाचा भात. मी सवयीने भात कालवू लागलो. तो म्हणाला, "तसं नाही बाबा. चमच्यात भात घ्या, अन् थो बुडवा." मग शटरकडे पाहत म्हणाला, "बिनाकांद्याचा एक वाडगा पौर्णिमा रोज काढून ठेवे. दोन वाजले तरी मले शटर पाडू देत नव्हती. म्हणे, थांब जरा, आज येतीन."

मी इतरांना प्रायश्चित्ते सांगत आलो, पोरी. अन्नाचा असा अपराध उपवासाने फिटत नाही, आणि दुसरे काही मला कोणत्याही पोथीत सापडत नाही.

घशातल्या गाठीने तुझा आवाज नेला, आता घोटभर पाणीही उतरत नाही, आणि डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितले आहे. तरी तू नागपूरच्या इस्पितळातील खाटेवरून राजेंद्रसाठी पाटीवर लिहिलेस, "बाबाले जेवू घाल. चव कशी लागली, थे त्यायच्याच हातानं लिहून आण." महिनाभर बंद असलेले शटर काल केवळ माझ्यासाठी वर गेले. हे पत्र राजेंद्रच तुला वाचून दाखवील, म्हणून त्याच्या घरच्या बुद्धवंदनेचे वाक्य मी खोडलेले नाही. तर ऐक. मीठ किंचित कमी होते. माझ्या रक्तदाबाला चालणारे माप तू त्याला शिकवून ठेवले आहेस. मी वाडगा निपटून खाल्ला आणि आणखी मागितले. भांड्यात तेवढेच होते.

तुझ्या दारी उशिरा पोहोचलेला,
तुझाच बाबा