सगळं ऐकून झाल्यावर

२ जानेवारी
धाकट्याच्या बायकोचा फोन. त्याचा आजार पसरलाय. डॉक्टर आता महिन्यांच्या भाषेत बोलतायत. तुमची फार आठवण काढतो, एकदा येऊन जा दादा, म्हणाली. येतो म्हटलं.

पण असं उठून कसं जायचं? माझा भाऊ तीस वर्षं संगीत करतोय. पेपरवाले त्याला प्रयोगशील म्हणतात. (आमचे वडील वेगळा शब्द वापरायचे.) त्याच्यासमोर बसून मी काय हवापाण्याच्या गप्पा मारू?

ठराव: त्याच्या सगळ्या रेकॉर्डी ऐकायच्या. पहिलीपासून, क्रमाने. मगच भेट. आयुष्य ऑडिटमध्ये गेलं. मागची पानं तपासल्याशिवाय शेवटच्या पानावर कधी सही केली नाही. रोज दोन ऐकल्या तर जानेवारीतच काम फत्ते.

३ जानेवारी
माळ्यावरून खोका काढला. रेकॉर्ड निघाली की पहिली कॉपी तो मला पाठवायचा. एकूण एक्केचाळीस. इतक्या जपून ठेवल्यात की एकीचंही प्लास्टिक फाटलेलं नाही. बायको म्हणाली, याला जपणं नाही, न ऐकणं म्हणतात. हिला जतन हा प्रकारच कळत नाही.

प्लेयर नाही. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे आहे. उद्या मागतो.

७ जानेवारी, दुपार
प्लेयर आला. शुभारंभ.
पहिली रेकॉर्ड: पियानोच्या पोटात चमचे टाकून वाजवलाय. दुसरी: कारखान्यातली शिलाई मशीनं. तिसरीत लहान मुलं पाढे म्हणतात, पण उंदरांच्या आवाजात. सगळ्याला भयंकर वेग. वहीत नोंद केली: ‘कलाकाराच्या तारुण्यातली घाई.’ आपल्याला कान आहे. उगाच इतकी वर्षं वापरला नाही.

१९ जानेवारी
दातांचे डॉक्टर प्लेयरची चौकशी करायला वर आले. दोन मिनिटं ऐकलं. म्हणाले, काका, हा पंचेचाळीसवर ठेवलाय, या रेकॉर्डी तेहतीसच्या आहेत. बटण फिरवलं. उंदरांची मुलं झाली.

म्हणजे बारा रेकॉर्डी चुकीच्या वेगाने ऐकल्या. ‘घाईचं तत्त्वज्ञान’ या माझ्या टिपणाचं मुसळ केरात. बायको खूप दिवसांनी पोट धरून हसली. म्हणाली, उद्याच जा आणि हे त्याला सांगा, निम्मा बरा होईल. छे! चुकीचा हिशेब घेऊन मी कधी कुणापुढे गेलेलो नाही.
ठराव: पुन्हा पहिलीपासून.

२ फेब्रुवारी
गाडी रुळावर. अकरावीत एक माणूस रिकाम्या जलतरण तलावात शिट्टी वाजवत फिरतो. बाकी काही नाही. ही चाल ओळखीची. धाकटा अंघोळ करताना हीच वाजवायचा आणि मी बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून दारावर थापा मारायचो. डोळ्यांत पाणी आलं. खोक्यावर धूळ फार आहे. पुसायला हवा.

१० फेब्रुवारी
धाकट्याच्या बायकोचा फोन. औषधांनी त्याचे कान गेले. बोलतो, पण ऐकू काही येत नाही, पाटीवर लिहून दाखवावं लागतं. म्हणाली, दादा, बोलायचंही काही नाही आता, नुसते समोर येऊन बसा.

वाईट वाटलं. फार वाईट. अख्खा जन्म ज्याने कानांवर काढला, त्याचेच कान. पण विचार करता माझं काम वाढलं. आता सगळं विवेचन मोठ्या अक्षरांत लिहून न्यायला हवं. त्याला वेळ लागणार. येत्या रविवारी येतो म्हटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
गुडघा. दोन बस बदलाव्या लागतात. पुढचा रविवार पक्का.

२१ फेब्रुवारी
सव्वीसावी. प्लास्टिक फाडलं, लावली. आधी जिन्यावर पावलं. मग दार उघडतं. मग कुणीतरी ओरडतं, बंद कर ते! मग पुन्हा तेच. आणि पुन्हा. अख्खी बाजूभर. हळूहळू शब्द विरतात आणि नुसते घाव उरतात.
आवाज माझा आहे. तरुणपणीचा.
कव्हरच्या मागे बारीक अक्षरांत छापलंय: आवाज – दादा.

शांतपणे विचार केला. म्हणजे या रेकॉर्डीचा मी सहकलाकार ठरतो. निदान कळवायला तरी हवं होतं त्याने. बायको दारात उभी राहून ऐकत होती. चहा ठेवून गेली. दुसरी बाजू उद्या.

२३ फेब्रुवारी, रविवार
इस्त्रीचा शर्ट घातला. वही घेतली. स्टॉपपर्यंत गेलो. दोन बस सोडल्या, गर्दी होती. गर्दी नव्हती. तो विचारणार, सव्वीसावी ऐकलीस का रे दादा? पाटीवर काय लिहू? भीती वाटली. हे वाक्य नंतर खोडायचं आहे.
शिवाय दुसरी बाजू बाकीच आहे. अर्धवट काम घेऊन जाण्यात अर्थ नाही. परत आलो.

१ मार्च
बायको एकटीच जाऊन आली. डोळे सुजलेले. म्हणाली, उशीत दिसत नाही इतका बारीक झालाय. दादा काय करतो, असं विचारत होता. हिने पाटीवर लिहिलं, तुमच्या रेकॉर्डी ऐकतायत. तो म्हणे खूप हसला, मग ठसका लागला. म्हणाला, त्याला सांगा, पुरे झालं ऐकणं, ये म्हणावं. त्यातल्या निम्म्या तर मलाही आवडत नाहीत.

हा त्याचा विनय. थोर माणसं असंच बोलतात. उलट मला हुरूप आला. सव्वीसावीची दुसरी बाजू तूर्त बाजूला ठेवून पुढे निघालोय. आज दोन ऐकल्या.

८ मार्च
धाकटा गेला. सकाळी फोन आला. एकतिसावी लावलेली होती. सुई उचलायचं सुचलं नाही, फोनवर ती रडत होती आणि मागे बराच वेळ नुसती खरखर.

१० मार्च
त्याच्या घरी माणसं जमली होती. बरीचशी वाजवणारी, पांढऱ्या केसांची. एकजण म्हणाला, तुम्ही थोरले, दोन शब्द बोला. वही उघडली. मोठ्या अक्षरांत, पान पहिलं: चमचे. वाचता येईना. मिटली. लोकांना वाटलं गहिवरलो. गहिवरलोच होतो.

मग स्वयंपाकघरात धाकट्याच्या बायकोपाशी गेलो. ती म्हणाली, उठवत नव्हतं त्याला, तरी दर रविवारी माझ्याकडून दाढी करून घ्यायचा. दादा येईल आज, म्हणायचा. संध्याकाळ झाली की म्हणायचा, पुढच्या रविवारी.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, अगं, माझ्या फक्त दहाच राहिल्या होत्या.
हो दादा, म्हणाली ती, आणि कप विसळायला लागली.