सात नंबरच्या रायफलचं हेड

गुरु. १ मार्च ५६
हुकूम आला, बोल्ट परत बसवा. जानेवारीतल्या कर्फ्यूपासून कॉलेजच्या दहाही रायफली एका कपाटात, काडतूस मागून बंद करणारे त्यांचे बोल्ट दुसऱ्यात, दोन्ही चाव्या माझ्याकडे. रविवारी कॅडेट मुलींची नेमबाजी. आमची लेक सुधा पण आहे, तिला सात नंबरची रायफल. घरात दुसरा विषय नाही. बोल्टवरचे नंबर बघून बसवले. सही केली, सर्व ठीक.

शुक्र. २
दाढी करताना आठवलं, हातच थांबला. मागच्या महिन्यात बोल्ट साफ करताना काडतुसाला टेकणारी पुढची हेडं फिरवून काढली होती मी. दहाच्या दहा, एकाच श्रीखंडाच्या डब्यात, रॉकेलमध्ये! बोल्टवर रायफलचा नंबर असतो, हेडवर नसतो. कुठलं कुठे लागलं देव जाणे. आखूड हेड लागलं की मागे फट राहते. काडतूस फुटलं तर गरम वाफारा थेट डोळ्यात. आणि डोळा कोणाचा...

बायकोला सांगितलं. "तुमची ती स्वच्छता एक दिवस अंगाशी येणार, म्हणत नव्हते मी?" म्हणत होती. राग त्याचाच आला.

कॅडेटच्या सरांसमोर दोनदा गेलो, हजेरीबद्दल बोलून परत आलो. भित्रा लेकाचा!

शनि. ३
सकाळीच सरांना सांगून टाकलं. चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. "सही तुमची आहे," एवढंच म्हणाले.

तसाच चिंचपोकळीला, तात्यांकडे. पूर्वी पलटणीत रायफली दुरुस्त करायचे, आता लेथ चालवतात. फट तपासायचं गेज खिशात टाकून लगेच निघाले, चहाही घेतला नाही.

एकेक रायफल तपासली. गेज आत असताना बोल्ट बंद होता कामा नये, झाला तर फट जास्त. एक, दोन ठीक. तीनचा बोल्ट तर साध्या खोट्या काडतुसावरही मिटेना, म्हणजे हेड लांब. पुढे सात. गेजवर आरामात बंद झाला.

"तीनचा हेड सातात गेला, सातचा तीनात. नशीब तुझा, आधी कळला," तात्या म्हणाले. हेडं बदलली, पुन्हा गेज. सात गेजवर मिटेना, तीन खोट्या काडतुसावर मिटली! हुश्श. बाकीच्या सगळ्या ठीक निघाल्या. तात्यांच्या पाया पडलो, तर खेकसले.

रवि. ४
झालं एकदाचं. मी मागे उभा, प्रत्येक बाराला डोळे मिटत होतो. सुधाच्या पाचांतल्या चार गोळ्या वर्तुळात! खांदा काळानिळा झालाय, तो अख्ख्या चाळीला दाखवतेय. बायकोने शिरा केला. मला न विचारता दुसऱ्यांदा वाढला. शुक्रवारनंतर आज भूक लागली.

सोम. ५
सरांनी झालं ते लेखी मागितलं. दिलं, डब्यासकट सगळं. वर पाठवतील की फाडतील, माहीत नाही. चाव्या अजून माझ्याकडेच.

संध्याकाळी सुधा, "नाना, पुढच्या वेळी पण मला सातच ठेवा हं. लकी आहे ती."

बरं म्हटलं. तिला सांगायला हवं. ओठांवर आलं होतं, पण ती खांद्याला तेल लावत गुणगुणत होती.