आई घसरली नव्हती

मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. दाजींची पाठ आता कशी आहे? त्यांना म्हणावं, मलमं बदलत बसण्यापेक्षा एकदा खुर्ची बदला. इकडे आम्ही आहोत तसे आहोत. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई घर सोडून गेल्या, त्यामुळे जिना ओस पडलाय. मी तीन दिवस घरातली राहिलेली कामं उरकतोय. मोरीचा नळ बदलला. आईच्या खोलीतल्या दिव्याचं बटण पलंगावरून हात पोचेल असं खाली घेतलं. दुनियेच्या लिफ्ट दुरुस्त करतोस आणि घरातला नळ गळतो, असं तू नेहमी म्हणायचीस. आता गळत नाही.

घाई अशासाठी की शुक्रवारी सकाळी दहाला मला तुरुंगात हजर व्हायचंय. आठ महिन्यांसाठी. आवराआवर करायला कोर्टाने एक आठवडा दिला होता, त्यातले चार दिवस गेले.

पिऊन गाडी चालवल्याचा हा तिसरा गुन्हा. पहिल्या वेळी दंडावर भागलं आणि लायसन्स सहा महिने गेलं. दुसऱ्या वेळी दोन वर्षं गेलं. ती दोन वर्षं मी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बसने कामावर जायचो आणि सगळ्यांना सांगायचो की चालणं तब्येतीला बरं. लायसन्स परत मिळून चारच महिने झाले होते. आता दहा वर्षं मिळणार नाही. तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा असेन.

कोर्टात आधीचे दोन्ही निकाल वाचून दाखवले. सरकारी वकिलांनी तुझं पत्रही वाचलं. मागच्या वेळी तू दिलं होतंस ना, की माझा भाऊ पुन्हा असं करणार नाही, याची खात्री मी देते. त्यांनी ते अगदी सावकाश वाचलं. मला तुझी सही लांबूनही ओळखू आली. ताई, तेव्हा जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

इथवर लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आलो. मुख्य गोष्ट अजून लिहिलेलीच नाही.

आई मोरीत घसरली नव्हती. तिचं मनगट माझ्या गाडीत मोडलं.

त्या दिवशी मी तिला डोळे तपासायला नेलं होतं. थेंब घालून तिला तासभर बसवून ठेवलं, आणि तेवढ्या तासात मी समोरच्या बारमध्ये जाऊन आलो. भर दुपारी. थेंबांमुळे तिला सगळं धूसर दिसत होतं, म्हणून मला वाटलं, कळणार नाही. वळणावर गाडी फुटपाथवर चढली आणि एका शिंप्याच्या मशीनवर आदळली. तो दोऱ्याचं रीळ आणायला दुकानात गेला होता, म्हणून आज जिवंत आहे. साक्ष देताना त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मशीन बावीस वर्षांची होती, एवढंच दोनदा म्हणाला.

मग आई साक्षीला उभी राहिली. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला. म्हणाली, माझा मुलगा प्यायला नव्हता, मीच घाई लावली, मीच त्याचा हात ओढला. रक्ताचा तपासणी अहवाल टेबलावर असताना. मॅजिस्ट्रेटबाईंनी तिला समजावलं की शपथेवर खोटं बोलणं हाही गुन्हा आहे. तरी ती तेच म्हणत राहिली. माझे वकील मला बसा बसा म्हणत होते, पण मी उठलो.

"बाई, माझी आई खोटं बोलतेय. मी प्यायलो होतो. मला गुन्हा मान्य आहे."

भरल्या कोर्टात मी आईला खोटं ठरवलं. बाईंनी तिला काही न करता सोडून दिलं, तेवढे त्यांचे उपकार.

घरी आल्यावर ती एकच वाक्य बोलली. "वास तर मला गाडीत बसायच्या आधीच आला होता, पण तुला एकट्याला कसं जाऊ देणार?"

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, एका हाताने, आणि आत जाऊन पडते. मला वाटलं होतं तिला दिसत नाहीये. ती सगळं ओळखून माझ्या शेजारी बसली होती.

तू तिच्यावर चिडू नकोस. फोनवर तुला खोटं सांगायला मीच लावलं होतं. ती दोन दिवस टाळत होती.

शुक्रवारी सकाळी येशील का? मला पोचवायला नको, माझा मी जाईन. तिच्याजवळ बसायला ये. प्लास्टर काढायचं आहे त्या दिवशी तिला टॅक्सीने ने. माझी बाजू घेऊन तिच्याशी काही बोलू नकोस. मला भेटायला यायचं की नाही ते तिचं तिला ठरवू दे, आणि तुझं तुला.

तुला बऱ्याच वर्षांनी पूर्ण शुद्धीत लिहिणारा,
तुझा धाकटा