जोडीला हलकी गाडी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौपन्न, व्यवसाय कृत्रिम दात व कवळ्या तयार करणे, राहणार याच घरी, लिहून ठेवते की माझे शरीर मला सोडून चालले असले तरी डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणीही भरीस घातलेले नाही. उलट घरातल्या सगळ्यांनी "आत्ताच कशाला?" म्हणून अडवलेच. आत्ताच अशासाठी, की माझी जीभ जड होत चालली आहे. मी सांगते, वकीलबाई लिहून घेतात, आणि मधूनच एखादा शब्द त्यांना परत विचारावा लागतो. काही दिवसांनी सगळेच परत विचारावे लागतील. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

घर : राहते घर माझ्या व माझ्या पतींच्या नावावर आहे. माझा निम्मा हिस्सा माझ्या पश्चात त्यांना मिळावा आणि त्यांच्यानंतर संपूर्ण घर आमच्या मुलीला. बँकेत जे काही असेल ते पतींना, दागिने मुलीला. यात भांडण्यासारखे काही नाही, म्हणून एवढ्यावर संपवते.

हत्यारे : मागच्या खोलीतली पॉलिशची मोटर, मेण कापायच्या सुऱ्या, जबड्यांचे साचे आणि बाकी सगळी हत्यारे माझ्या जुन्या सहकारिणीला द्यावीत. ती माझ्याच टेबलाशी बसून शिकली आणि आज स्वतःची लॅब चालवते. कपाटाच्या खालच्या फळीवर काही कवळ्या आहेत. त्यांचे मालक न्यायला आलेच नाहीत. त्यांची दोन महिने वाट पाहून मग काय ते करावे. दात कोणाचे कोणाला बसत नाहीत. चौकातल्या दातांच्या डॉक्टरांना यातले एकही हत्यार विकू नये. त्यांनी आयुष्यभर माझी कवळी पेशंटपुढे "ही मी केली" म्हणून मिरवली. आता खरोखरच स्वतः करून बघावी.

वाहने : वकीलबाई म्हणाल्या, "दोन मोटरसायकली आहेत ना, नंबर घालू आणि पुढे जाऊ." नंबर घाला. पण पुढे जायची मला घाई नाही, कारण पुढे काय आहे ते मला ठाऊक आहे.

मोठी गाडी माझी स्वकष्टार्जित. लांबच्या प्रवासाची, उंच सीटची, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, वजनाला म्हशीएवढी. घरात तिला सगळे धेंड म्हणतात. मी चालवायची आणि हे मागे बसायचे. ह्यांना गाडी येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. मागे बसून कानाशी अखंड बोलायचे : तो ढग बघ, त्या ट्रकवर काय लिहिलंय बघ, पुढच्या टपरीवर थांबू. समुद्रापासून बर्फापर्यंत आम्ही असेच गेलो. लोक हसायचे. हे म्हणायचे, "हसा. मी इथे सामानात मोडतो."

गेल्या वर्षी फाटकातून गाडी बाहेर काढताना माझ्या डाव्या हातातून क्लच निसटला. धेंड उडी मारून आडवं झालं आणि ह्यांचा पाय खाली सापडला. पूर्वी आडवी झालेली गाडी मी पाठ लावून एकटी उभी करायची. त्या दिवशी ती जागची हलली नाही. समोरच्या दुकानातली माणसं धावत आली. ह्यांचा घोटा टरारून सुजला होता, त्याला बर्फ लावता लावता मी म्हटलं, "धेंड आता जड होतंय. जोडीला एक हलकी गाडी घेऊ. लांब जायला ही, जवळपास फिरायला ती."

"घे ना," हे लगेच म्हणाले.

गाडीचं वजन वाढलेलं नव्हतं. ते दोघांनाही कळत होतं.

तपासण्या झाल्या. मज्जातंतूंचा आजार निघाला. डॉक्टरांनी क्रम सांगितला : हात, पाय, मग गळा, मग श्वास. औषध नाही. मी विचारलं, "क्लच कधीपर्यंत दाबता येईल?"

"तुम्ही गाडी चालवता?"

"तेवढं सांगा ना."

त्यांना सांगता आलं नाही. त्यात त्यांचा दोष नाही. ते आज साक्षीदार म्हणून इथे बसले आहेत आणि हे ऐकून मान हलवत आहेत.

त्यानंतर मी झपाटल्यासारखी गाड्या बघत सुटले. धेंडाच्या जोडीला कोणती शोभेल, याचा विचार करताना मला दुसरा विचार करावा लागत नव्हता. पहिल्या शोरूममधला विक्रेता माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाला, "सर, मॅडमसाठी एखादी स्कूटर दाखवू?" हे म्हणाले, "मला काय विचारताय? मी मागे बसतो." तिथली गाडी दिसायला देखणी, बसायला ठेंगणी, पण क्लच इतका कडक की दाबताना मला खांद्यापर्यंत कळ आली. दुसरी कच्च्या वाटेची, काटकुळी, पिसासारखी हलकी. तिची सीट उंच. धेंडावर मी टाचा टेकवायची. हिच्यावर माझा डावा पाय जमिनीवर पोचून दुमडला. मी पडले नाही, कारण हे अगोदरच हात पसरून उभे होते. त्यांचे ते पसरलेले हात बघून मला इतका राग आला की परत येताना रिक्षात मी त्यांच्याशी बोलले नाही.

मुलगी आली तेव्हा टेबलावर गाड्यांची माहितीपत्रकं पसरलेली होती. ती म्हणाली, "आई, तू गाडी शोधत नाहीयेस. तू नुसती पळतेयस."

"मग पळू दे," मी म्हटलं. "अजून पाय आहेत."

शेवटी आमच्या मिस्त्रींनी फोन केला. धेंडाची सगळी कामं तेच करतात. म्हणाले, "ताई, एक वापरलेली आलीये. एका गाण्याच्या मास्तरांची होती. छोटं इंजिन, सीट खाली, मागे माणूस नीट बसतो. आणि क्लच म्हणजे लोणी." मी गेले, क्लच दाबला. दाबला गेला! मी तो किती तरी वेळा दाबत आणि सोडत बसले. मिस्त्री हसले, हेही हसले. मीही हसत होते, आणि हसता हसता गालावरून पाणी चाललं होतं. त्या गाडीवरून मी गल्लीला वळसा घालून आले. भाजी घेऊन आले. एकदा तळ्यापर्यंत जाऊन आले, हे मागे बसून कानाशी बोलत होते, आणि मला वाटलं, झालं, सापडली. निदान एवढं तरी माझ्याकडे राहील.

कागदपत्रं माझ्या नावावर होईपर्यंत लोण्याचा दगड झाला.

मी हरले नाही. बोटं क्लचच्या दांडीला बँडेजने बांधून निघाले. दाबता आला, हळूहळू सोडता येईना. कुंपणाच्या भिंतीवर आदळले आणि बोटं बांधलेली असल्यामुळे गाडीबरोबर खाली गेले. मग मिस्त्रींनी क्लच दाबावाच लागणार नाही अशी सोय बसवली. तोवर डावं पाऊल वर उचलेना, गिअर पडेना. मग गिअर हाताने पाडायची दांडी करायची ठरली. ती तयार होऊन आली त्या दिवशी मी पलंगावरून उठताना तोंडावर पडले. दरवेळी मी एक वाट काढायची आणि आजार त्या वाटेच्या टोकाला अगोदरच जाऊन बसलेला असायचा. दांडी अजून कागदात गुंडाळलेली आहे. ती मिस्त्रींना परत करावी व त्यांना सांगावे की काम उत्तम झाले होते.

मी त्या दिवसांत फार वाईट वागले. चमचा फेकला, तो हातातून निसटला असंच सगळे समजले, त्याचाही राग आला. मला मरणाची भीती वाटते. वकीलबाई म्हणतात हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत. लिहा. श्वासाच्या वेळी काय होईल याची भीती वाटते. नळी घालायची की नाही हे मी ठरवलेलं नाही. रोज वेगळं वाटतं. मला बोलता येईनासं झाल्यावर मुलीने डोळ्यांनी विचारावं, मी डोळ्यांनी सांगेन, तेच खरं मानावं.

भाऊ : माझ्या मोठ्या भावाला, म्हणजे दादाला, या मिळकतीतून काहीही देऊ नये. मी दवाखान्यात असताना त्याने धेंडाला गिऱ्हाईक आणलं. वर मला म्हणाला, "अगं, तुला आता उभं राहता येत नाही. गाडी काय शोकेसमध्ये ठेवणार?" तो बरोबर बोलत होता, म्हणूनच त्याला काही मिळणार नाही. मोठी गाडी मिस्त्रींनी विकावी, मी जिवंत असतानाच. जो खरोखर लांब जाणार असेल त्याला द्यावी. जाण्यापूर्वी मला दाखवायला आणू नये. अंगणात तिच्यावरची ताडपत्री वाऱ्याने फडफडते ते मला आतून ऐकू येतं. आता ऐकवत नाही.

छोटी गाडी : ही माझ्या पतींना द्यावी. याचं कारण सांगते.

उन्हाळ्यात एकदा त्यांचं कोपर सोललेलं दिसलं. मी विचारलं, "अहो, कुठे पडलात?"

"बाथरूममध्ये."

"बाथरूममध्ये डांबर कधी घातलं?"

मग कबूल झाले. गोदामामागच्या मोकळ्या मैदानावर मिस्त्री त्यांना गाडी शिकवत होते. साठीला टेकलेला माणूस, उभ्या आयुष्यात सायकलही धड चालवली नव्हती. काही दिवसांनी त्यांनी आणि मिस्त्रींनी मला उचलून मागे बसवलं आणि रुंद पट्ट्याने ह्यांच्या पाठीशी बांधलं. पहिल्यांदाच मी त्यांच्या मागे बसत होते. ते प्रत्येक चौकात गाडी बंद पाडत होते. मागचे लोक हॉर्न मारत होते. "चुकलं, चुकलं," असं ते स्वतःशीच पुटपुटत होते. मला त्यांच्या कानाशी काहीतरी बोलायचं होतं, पण वाऱ्यात माझा आवाज पुरेना. तळ्याच्या अलीकडे माझा पाय पायट्यावरून घसरून रस्त्यावर घासत राहिला. मला कळलं नाही आणि मी ओरडलेही नाही. बूट फाटून रक्त आलं, त्याची रस्त्यावरची रेघ त्यांना आरशात दिसली. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून ते माझा पाय मांडीवर घेऊन बसले. "उद्या पाय पण बांधू," म्हणाले. "उद्या नीट बांधू."

उद्या मान धरवेना.

तेव्हापासून ते रोज सकाळी गाडी सुरू करतात, थोडा वेळ चालू ठेवतात आणि बंद करून आत येतात. मी म्हणते, "जाऊन या ना." ते म्हणतात, "तुझ्याशिवाय मी कुठे जाऊ?" या प्रश्नाला मी उत्तर देते : कुठेही. मी गेल्यावर हा माणूस या खोलीत खुर्ची लावून बसून राहील, हे मला स्वच्छ दिसतं. माझ्या सगळ्या भीतीत ही सर्वांत मोठी. सबब अट घालते की माझ्या पश्चात त्यांनी ही गाडी एकट्याने चालवावी. वर्षभरात चालवली नाही तर ती मुलीने काढून घेऊन मिस्त्रींना द्यावी. वकीलबाई म्हणतात, अशी अट कोर्टात टिकणार नाही. घरात टिकली तरी पुरे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी करेल.

आता सह्यांची वेळ. ज्याला मिळकत मिळते त्याने सहीच्या वेळी समोर नसावं म्हणून वकीलबाईंनी ह्यांना बाहेर थांबायला सांगितलं. त्यांनी माझी उशी सारखी केली आणि ते गेले. थोड्या वेळाने गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. रोज होते तशीच, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग पहिला गिअर पडला. फाटक वाजलं. आवाज गल्लीतून कोपऱ्यापर्यंत गेला, तिथे एकदा बंद पडला, पुन्हा सुरू झाला आणि मोठ्या रस्त्यावर जाऊन ऐकू येईनासा झाला.

मला वाटलं होतं, ते गेले की मला बरं वाटेल. वाटलं नाही. मी त्यांना हाक मारली. नीट उमटली नाही, खोलीतल्या कोणालाही कळलं नाही मी काय म्हणाले ते. मग परत विचारून कळल्यावर वकीलबाईंनी पेन थांबवून विचारलं, "अट काढून टाकू का?"

मी सांगितलं, राहू द्या.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी बोलले तसाच आहे. सही उजव्या हाताने केली असून मनगटाला डॉक्टरांनी खालून आधार दिला आहे. अक्षर वाकडे असले तरी ते माझेच.

सही : दातांची कारागीर, लिहून ठेवणार

साक्षीदार : (१) डॉक्टर, उपचार करणारे. लिहून ठेवणारीने आमच्या देखत, समजून उमजून सही केली.
(२) समोरच्या घरातली शेजारीण, शिवणकाम. माझ्याही देखत केली.

स्थळ : राहते घर, मागची खोली
दिनांक : नऊ ऑगस्ट, दुपार. सही होईपर्यंत पती परतलेले नाहीत.