अग्रलेख संपेपर्यंत भाजावे

प्रिय मेव्हणेबुवांस,

सादर नमस्कार. आपली प्रकृती, विशेषतः डावा गुडघा, ठीक असेल अशी आशा करतो. माझी प्रकृती ठीक आहे. हे पत्र ओव्हनच्या प्रकृतीविषयी आहे.

आपल्या ताईंचा कन्व्हेक्शन ओव्हन, त्या गेल्यापासून सात महिने, बंदच होता. येत्या रविवारी आमची कन्या येत आहे. "बाबा, आईसारखा केक कुठे मिळेल हो?" असे तिने फोनवर विचारले आणि मी "घरीच मिळेल" असे सांगून बसलो. (तीस वर्षे वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केलेल्या मनुष्यास पीठ-साखर मोजणे कितीसे अवघड, असा माझा समज होता.)

पहिला केक पाककृतीच्या पुस्तकाबरहुकूम १८० अंशांवर भाजला. तो बाहेरून डांबर व आतून चिखल निघाला. खालच्या मजल्यावरील दंतवैद्यांनी एक तुकडा चावून पाहिला आणि मी हा पदार्थ गल्लीभर वाटल्यास त्यांच्या व्यवसायास बरकत येईल, असा अभिप्राय दिला. मग ताईंची वही उघडली. तीत स्वच्छ लिहिले होते: "आत पंखा आहे, म्हणून पुस्तकापेक्षा वीस अंश कमी. ओव्हन आधी तापवणे. डबा मधल्या जाळीवर. दार उघडून डोकावू नये (ह्यांना तर जवळ फिरकूच देऊ नये)." दुसऱ्या खेपेस हे सर्व पाळले, मात्र केक चिकटू नये म्हणून डब्यात अंथरलेला, काठाबाहेर डोकावणारा कागद पंख्याच्या वाऱ्याने उलटून केकवर बसला. दार उघडण्यास मनाई असल्यामुळे, टोपी घातलेला तो केक मी काचेतून हताशपणे पाहत राहिलो. (कागद काठाबरोबर कापावा, ही सूचना पान उलटल्यावर सापडली.)

त्याच पानावर खरी अडचण होती. "वेळ: ह्यांचा अग्रलेख संपेपर्यंत." मेव्हणेबुवा, बत्तीस वर्षे दर रविवारी मी स्वयंपाकघरात बसून वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचीत असे, आणि आपल्या ताई तो तन्मयतेने ऐकतात, अशी माझी दृढ समजूत होती. त्या केक भाजीत होत्या! ज्याने उभ्या बाजारातील खोटी मापे जप्त केली, तो स्वतःच्या घरात अप्रमाणित माप म्हणून वापरात होता.

तरीही तिसरा केक वहीप्रमाणेच केला. अग्रलेख मनात वाचला: पाच मिनिटे, केक पातळ. पुन्हा सारे मिश्रण करून मोठ्याने वाचला: अकरा मिनिटे, केक थरथरता. तेव्हा ध्यानात आले की मूळ मापात ताईंचे "हं", "असं कसं म्हणता हो?" आणि "ते राहू द्या, आधी बदाम सोला" हे सर्व धरलेले होते. माझ्या प्रत्येक विधानास आपणही आजवर हरकत घेत आला आहात. हा गुण आपल्या घराण्यातच असावा. तरी रविवारी सकाळी नऊ वाजता येऊन माझ्या वाचनात रीतसर व्यत्यय आणावा, ही नम्र विनंती.

आपला,
आपल्या ताईंचे 'हे'

ता. क. लिफ्ट चालू आहे. गुडघ्याची सबब सांगू नये.

ता. क. २. दंतवैद्यांनी घड्याळ लावून पाहण्यास सुचविले (मला हे सुचले नव्हते, याची कृपया वाच्यता नको). काल १६० अंशांवर पस्तीस मिनिटांत केक उत्तम झाला; सुरी टोचली ती कोरडी निघाली. कन्येच्या केकची चिंता मिटली.

ता. क. ३. तथापि विनंती मागे घेत नाही. अग्रलेख तिसऱ्या परिच्छेदापाशी अडून आहे. तेथे कोणीतरी "हं" म्हणावयास हवे.